तिच्या मापाची खोली

बारकीनं किल्ली कुलपाला लावली, तोच दार आतून उघडलं. समोर सत्तरीचे एक गृहस्थ उभे होते. एका हातात घडी केलेले शर्ट, दुसऱ्या हातात दात घासायचा ब्रश. त्यांची नजर आधी सरळ समोर गेली, तिथे कुणीच नव्हतं, मग ती खाली खुर्चीवर आली.

"झालंच. पाच मिनिटं द्या," ते म्हणाले. "मला आत्ताच सांगितलं यांनी."

'यांनी' म्हणजे विश्रामगृहाच्या मॅनेजरबाई. खुर्चीच्या मागच्या मुठींना हात लावावा की न लावावा अशा पेचात त्या बारकीच्या पाठीशी उभ्या होत्या. व्हीलचेअर आत जाईल अशी खोली तळमजल्यावर एकच, आणि ती दोघांना एकाच तारखांना दिलेली. चूक आपलीच, हे त्यांनी फाटकापाशीच कबूल करून टाकलं होतं. या काकांची खोली गेली नऊ वर्षं, वर्षातून दोनदा, आठ-आठ दिवस ठरलेलीच असायची. वहीत कुणी लिहीतसुद्धा नसे. यंदा काका येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. येणार का म्हणून विचारायचं, तर कोणत्या तोंडानं?

"मी राहा म्हटलं असतं," बारकी काकांना म्हणाली, "पण मला दुसऱ्या खोलीत जाता येत नाही."

"अहो, मला येतं की!" काका म्हणाले आणि शर्ट पिशवीत कोंबले.

जाता जाता मात्र त्यांना राहवलं नाही. घर विकणारा माणूस नव्या मालकाला नळ कोणत्या बाजूला फिरतो ते सांगतो, तसं त्यांनी सगळं सांगितलं. ते निवृत्त सर्व्हेअर. आयुष्य जमिनी मोजण्यात गेलं, आणि बायकोचा मणका दुखावल्यावर खोल्या मोजण्यात. पलंग जमिनीपासून एकोणपन्नास सेंटिमीटर, त्याचे पाय कापून घेतलेत. बेसिनखाली गुडघे जातात. दाराला उंबरा नाही, तो त्यांनी स्वतः उभं राहून काढायला लावला. या मॅनेजरबाईंच्या आधीचे मॅनेजर भले गृहस्थ होते, पण त्यांच्याशी दोन वर्षं पत्रं लिहून भांडावं लागलं.

"आरसा जरा खाली वाटेल तुम्हाला," ते म्हणाले. "ती ठेंगणी होती."

'होती' या शब्दापाशी ते थांबले नाहीत. पिशवी उचलून जिना चढू लागले. बारकीला बसल्या जागेवरून पहिल्या वळणापर्यंतचा जिना दिसत होता. त्यापुढे नुसती पावलं ऐकू आली.

बारकी हे तिचं घरातलं नाव. वय अडतीस, भावाच्या घराखालच्या गाळ्यात तिचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, गावभर तिच्या हाताची ख्याती; पण घरात एकदा बारकी म्हणून शिक्का बसला की तो केस पिकले तरी पुसत नाही. सहा वर्षांपूर्वी गाडी उलटली आणि कमरेखालचं सगळं तिला परकं झालं. तेव्हापासून ती एकटी कुठेही गेली नव्हती. डॉक्टरकडे गेली तर दादा, बाजारात गेली तर वहिनी, लग्नकार्यात गेली तर दोघंही, एक पुढे आणि एक मागे. प्रेमानं माणसं इतकी गर्दी करू शकतात याचा तिला आधी अंदाज नव्हता.

या तीन रात्रींसाठी ती आठ महिने दादाच्या मागे लागली होती. शेवटी त्यानं हो म्हटलं, पण अट घालून.

"एकदा जरी काही झालं, नुसतं खरचटलं जरी," तो म्हणाला होता, "तर मी येऊन घेऊन जाणार. आणि मग हा विषय पुन्हा काढायचा नाही. कबूल?"

"कबूल."

दोन तास गाडी चालवून त्यानं तिला फाटकापाशी सोडलं. आत येऊ नकोस, म्हणून तिनं बजावलं होतं. तो आला नाही. पण गाडी वळवायला त्यानं जरुरीपेक्षा बराच जास्त वेळ घेतला, हे तिनं मागे न बघताही ओळखलं.

खोलीत एकटी उरल्यावर तिनं दार लावून घेतलं. मग उघडलं, आणि पुन्हा लावलं. स्वतः लावलेल्या दारामागे बसायला तिला फार बरं वाटलं. पिशवीतून लघवीच्या नळ्या, हातमोजे, सरकायची फळी, लांब दांड्याचा आरसा असं सगळं काढून तिनं हाताशी येईल असं मांडलं. मनगटावरचं घड्याळ वाजलं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाईच्या हातात रबरी पट्ट्याचं स्वस्तातलं डिजिटल पाहून गिऱ्हाइकं चमकायची. पण दर अर्ध्या तासाला न चुकता वाजणारं तेवढंच होतं. वाजलं की दोन्ही तळहात चाकांवर रोवायचे, बूड गादीवरून वर उचलायचं आणि तीस आकडे मोजायचे. एरवी माणसं नकळत कूस बदलतात, खुर्चीत चुळबुळ करतात. तिला ती चुळबुळ मोजून करावी लागे, नाहीतर कातडी कुजते आणि कळतही नाही.

घडलं ते पहिल्याच संध्याकाळी.

न्हाणीघरात भिंतीला घडी होणारी बैठक होती आणि तिच्या डाव्या अंगाला पोलादी दांडा. बारकी खुर्चीवरून बैठकीवर छान सरकली. अंघोळ झाली. परत खुर्चीत यायला तिनं उजवा हात टाकला, कारण घरी दांडा उजवीकडे होता आणि सहा वर्षं तिचा हात तिथेच जात आला होता. इथे उजवीकडे नुसती ओली भिंत होती. हात घसरला. बैठक आणि खुर्ची यांच्या मधल्या हातभर जागेत ती खाली बसली, म्हणजे पडलीच, आणि पाय कुणी दुसऱ्यानं टाकून दिल्यासारखे वाकडेतिकडे पसरले.

दुखलं नाही. तिथे दुखत नाही, हीच तर भीती.

पलंगावर फोन वाजायला लागला. दादाच असणार, सातला करतो म्हणाला होता. वाजून थांबला. पुन्हा वाजला. तिच्या डोक्यावर भिंतीला एक लाल दोरी लोंबत होती, अगदी फरशीपर्यंत. ओढली की मॅनेजरबाईंच्या टेबलावर घंटा वाजते. ओढायचा अवकाश, बाई धावत येतील, सोबत आणखी दोघांना आणतील, ते तिला टॉवेलात गुंडाळून उचलतील. आणि मग त्या कागदावरचा नंबर फिरवतील, जो दादानं मोठ्या, ठळक अक्षरांत लिहून तिच्याबरोबर धाडला होता.

तिनं दोरी ओढली नाही. शॉवर बंद करायचा राहिलाच होता, पाणी गार होत चाललं होतं. कोपऱ्यात पाय टेकवायचं एक ठेंगणं स्टूल होतं. पोटावर सरकत, कोपरांनी स्वतःला ओढत ती तिथवर गेली. पाठ स्टुलाला लावून दोन्ही हातांवर स्वतःला उचललं, स्टूल सटकलं. ते भिंतीला टेकवून पुन्हा केलं. दंड थरथरले आणि ती खाली आली. मग थोडं रडली. कुणी बघत नव्हतं म्हणून मोकळेपणानं रडली, आणि कुणी बघत नव्हतं म्हणून त्यात फार वेळ घालवण्यात अर्थही नव्हता. तिसऱ्या खेपेला स्टुलावर बसली. स्टुलावरून बैठकीवर, बैठकीवरून खुर्चीत. पाऊण तास गेला.

पलंगावर कुशीवर होऊन, लांब दांड्याच्या आरशात तिनं स्वतःचं अंग इंच इंच तपासलं. कमरेच्या खाली तळहाताएवढं निळं उमटत होतं. कातडी फुटली नव्हती. मग तिनं फोन लावला.

"अंघोळ करत होते."

"पाऊण तास?" दादा म्हणाला.

"पाणी गरम होतं. मस्त."

"मस्त?"

"मस्त."

"बरं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती साडेसहालाच जागी झाली. खिडकीपाशी येऊन बसली. समोर तळं होतं, त्यासाठीच तर ती आली होती. पण व्हरांड्याचा कठडा नेमका असा की बसल्या माणसाला वर आकाश, लांबचा काठ आणि त्याला लागून पाण्याची एक अरुंद पट्टी एवढंच दिसावं. कठडा बांधणारा गवंडी उभं राहूनच बांधतो, त्याला तरी काय बोल लावणार.

तेव्हाच तिला एक दांडा दिसला. खिडकीच्या डाव्या चौकटीत, बसल्या माणसाच्या कपाळाच्या उंचीवर, वीतभर लांबीचा लाकडी दांडा आडवा ठोकलेला. जवळ पलंग नाही, बैठक नाही, काहीच नाही. तिथे दांड्याचं काय काम?

घासलेल्या जागा वाचणं हा बारकीचा धंदाच होता. उघडलेल्या घड्याळात चाकाचा कोणता दात झिजलाय यावरून ते मनगटावर कसं बसत होतं ते ती सांगायची. दांड्याचं पॉलिश वरच्या अंगानं उडालं होतं, चार बोटांच्या रुंदीचं, भिंतीकडच्या टोकाला जास्त. म्हणजे डाव्या हातानं धरून खाली ओढलेलं, सगळा भार टाकून. न्हाणीघरातला दांडाही डावीकडेच होता. या बाईचा उजवा हात तिच्या कामाचा नसावा. एका हातानं स्वतःला ओढून वर घ्यायची. दहा-बारा आकडे निभावत असतील, मग सोडून द्यायचं, मग पुन्हा. पॉलिश उडेपर्यंत.

मनगटावरचं घड्याळ वाजलं. वजन उचलायचंच होतं. बारकीनं डाव्या हातानं दांडा धरला, उजवा चाकावर रोवला आणि ओढलं. डोकं चार बोटं वर गेलं.

कठड्यावरून खाली दगडी पायऱ्या दिसल्या, थेट पाण्यापर्यंत. सर्वांत खालच्या पायरीवर काका बसले होते, विजार गुडघ्यांपर्यंत दुमडून, पाय पाण्यात. शेजारी टॉवेल. ते काहीच करत नव्हते. बारकीनं तीस मोजले, खाली बसली, दम घेतला, पुन्हा वर झाली. काका अजून तसेच. चौथ्या खेपेला तिनं पाहिलं, की त्यांनी ओंजळीत पाणी घेऊन डोक्यावर घातलं, केस नीट भिजवले, टॉवेल बुडवून पिळला, खांद्यावर टाकला आणि पायऱ्या चढायला लागले.

नाश्त्याच्या खोलीत ते ओल्या केसांनी आले.

"पोहून आलात वाटतं काका?" मॅनेजरबाईंनी विचारलं.

"हो तर. पाणी मस्त आहे. एकदम गार."

बारकीनं चहात साखर घातली. मग आधी घातली होती हे आठवलं.

तो दिवस लांबत गेला. तळ्याच्या कडेची पक्की वाट दोनशे पावलांनी संपत होती. ती संपेपर्यंत बारकी गेली, तिथे थांबली, परत आली. बोटीच्या धक्क्याला अकरा पायऱ्या होत्या. बोटवाला मनमिळाऊ निघाला.

"उचलून घेतो की ताई! आम्ही चौघं आहोत."

"नको."

"काही जड नाही तुम्ही."

"म्हणूनच नको," ती हसून म्हणाली, आणि बोटवालाही हसला, पण त्याला काही कळलं नव्हतं. जेवणाच्या वेळी एका जोडप्यानं तिच्यासाठी चार टेबलं सरकवून हमरस्ता तयार केला, तिच्याकडे बघून तोंडभर हसले, आणि मग जेवण संपेपर्यंत तिच्याकडे बघायचं टाळलं. तिला एकटेपण हवं होतं, ते पोटभर मिळालं. दुपारी तीनच्या सुमाराला तिच्या लक्षात आलं, की आपण सकाळपासून सव्वीस शब्द बोललो असू. घरी असती तर वहिनी एव्हाना तीनदा येऊन काही हवंय का विचारून गेली असती, आणि ती तिन्ही वेळा करवादली असती. आता तिला कुणावर तरी करवादावंसं वाटत होतं.

संध्याकाळी दादाला तिनं पुन्हा मस्त म्हणून सांगितलं.

रात्रीच्या जेवणाला काका तिच्या टेबलापाशी आले. "बसू का?" म्हणून विचारलं, आणि ती हो म्हणेपर्यंत खरोखर उभे राहिले. खोलीबद्दल विचारलं. न्हाणीघरात सगळं नीट ना?

"नीट आहे," बारकी म्हणाली.

"पोहायचं वेड आम्हा दोघांनाही," ते आपणहून सांगू लागले. "ही तर माझ्या पुढे असायची. मग तिचं ते झालं. त्यानंतर मी म्हटलं, तळ्याचं नावही नको. पण ऐकेल तर ती कसली! माझ्यामुळे तुमचं पोहणं सुटायला नको, म्हणाली. हट्टानं इथे आणलं. रोज सकाळी मला हाकलायची. आणि परत आलो की पहिला प्रश्न, पाणी कसं होतं?"

"मग तुम्ही?"

"सांगायचो. गार होतं, आज जरा गढूळ होतं, आज पलीकडच्या झाडापर्यंत गेलो. तिला डोळे मिटून ऐकायला आवडायचं."

त्यांनी पोळीचा तुकडा मोडला आणि ताटातच ठेवला. बारकीनं विषय बदलायला घड्याळांचं काहीतरी काढलं. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ सात मिनिटं मागे होतं, ते तिनं मागून घेऊन तिथल्या तिथे लावून दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती साडेसहाला खिडकीपाशी होती. आपण वाट बघतोय हे तिच्या ध्यानात आलं, तेव्हा तिची तिलाच गंमत वाटली. इतकी वर्षं लोक तिच्यावर लक्ष ठेवत आले. कुणावर लक्ष ठेवायची पाळी तिच्यावर प्रथमच आली होती. काका खालच्या पायरीवर तसेच बसले. तसेच केस भिजवले. आता कोणासाठी?

ते वर आले आणि नाश्त्याला न जाता तिच्या दाराशी थांबले. टकटक केली.

"एक विचारायचं होतं. मी या खोलीचा नकाशा केला होता, सगळी मापं घालून. एक गोष्ट माझ्या कागदावर नाही." त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. "तो दांडा. मी बाजारात गेलो असताना तिनं सुताराला बोलावून ठोकून घेतला. कशाला म्हटलं, तर म्हणाली, असू दे, लागतो. मी त्यावर टॉवेल वाळत घालायचो. ती काढून बाजूला ठेवायची. मला वाटायचं, शिस्त. तुम्हाला कळेल म्हणून विचारतो."

"वजन उचलायला असेल," बारकी म्हणाली. "दर अर्ध्या तासाला—"

"ते ती पलंगापाशी करायची. उजवा हात चालत नव्हता तिचा, मी मागून धरायचो."

काका खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीवर टेकले. केसांतून थेंब कॉलरवर पडत होते.

"मी पोहत नाही," ते म्हणाले. "नऊ वर्षांत एकदाही उतरलो नाही. तिच्याशिवाय पाण्यात पायच पुढे जात नाही. पण तिला वाटायचं, निदान मी तरी. म्हणून बसायचो, डोकं भिजवायचो, वर येऊन थापा मारायचो. शेवटच्या महिन्यात, दवाखान्यात, तिनं पुन्हा विचारलं. त्या तळ्याचं पाणी कसं होतं हो? तेव्हाही खोटंच सांगितलं. आता कुणाला सांगणार, की सगळं खोटं होतं म्हणून?"

"आणि आता का भिजवता?"

"सवय," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "ओल्या केसांनी या दारातून आत यायचो ना."

सांगितलं तर या माणसाच्या हाती काय उरेल, ते बारकीला ठरवता येईना. न सांगावं, तर त्या खोट्याचं ओझं ते एकट्यानंच वाहत राहणार. तिनं खुर्ची पलंगाला भिडवली, ब्रेक लावले, फळी टाकली आणि पलंगावर सरकली.

"काका, इथे बसा. माझ्या खुर्चीत."

"मी?"

"बसा. ब्रेक काढून खिडकीपाशी घ्या."

ते अवघडून बसले. ज्या माणसानं नऊ वर्षं अशी खुर्ची ढकलली, त्याला स्वतःची चाकं फिरवता येईनात. एकदा पलंगाला आपटले, एकदा भिंतीला. कसेबसे खिडकीशी पोचले.

"काय दिसतं?"

"आकाश. पलीकडचा काठ." त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "कठडा मध्ये येतो. हे माप मी घेतलंच नव्हतं. मी आपलं सगळं उभ्यानंच मोजलं."

"पाय सैल सोडा. पायांनी रेटा द्यायचा नाही. उजवा हातही मांडीवर ठेवा. आता डाव्या हातानं तो दांडा धरा आणि ओढा."

त्यांनी ओढलं. पाठमोरे खांदे वर गेले, मान लांबली. बारकीला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. दंड थरथरायला लागला तरी त्यांनी सोडलं नाही. मग सोडावंच लागलं, आणि ते धप्पकन खाली आले. पुन्हा दांडा धरला. पुन्हा वर झाले. असं त्यांनी चार वेळा केलं.

"खालची पायरीसुद्धा," ते म्हणाले.

"हो."

"पूर्ण दिसते."

"हो, काका."

ते खिडकीकडे तोंड करून बसून राहिले. वर कुणाच्या तरी खोलीत नळ सुरू झाला आणि बंद झाला.

"मग विचारायची कशाला?" ते अखेर म्हणाले. "पाणी कसं होतं, म्हणून?"

काका उठले, खुर्ची आणून नीट पलंगाला लावली, ब्रेक लावले, दोनदा हलवून पाहिले. दारातून बाहेर पडताना त्यांनी ओल्या केसांवरून हात फिरवला आणि तो हात बघत बघत निघून गेले.

ती खुर्चीत परत आली. नाश्त्याची वेळ टळून गेली होती. तिनं फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. दादाचा फोन सातला यायचा. त्याचा आला नसताना तिनं आपणहून आजवर केला नव्हता. एकदा सांगितलं की सुटलेला शब्द परत घेता येणार नाही. पुन्हा कधी एकटं कुठे जाणं नाही, तळं नाही, स्वतः लावायचं दार नाही. हे सगळं ठाऊक असून तिनं नंबर लावला.

"काय गं?" पहिल्याच घंटेला त्यानं उचलला.

"दादा, परवा मी पडले होते. तू फोन केलास तेव्हा मी न्हाणीघरात फरशीवरच होते. अंघोळ केव्हाच झाली होती. पाऊण तास लागला उठायला. कमरेखाली निळं झालंय, कातडी फुटलेली नाही, रोज आरशात बघतेय."

पलीकडे भांडी वाजत होती. मग त्यानं कुणाला तरी, बहुधा वहिनीला, थांब अशी खूण केली असावी. कारण भांड्यांचा आवाज बंद झाला.

"वाटलंच होतं," दादा म्हणाला. "मस्त कधी म्हणतेस तू? आयुष्यात नाही म्हणालीस."

"मग आला का नाहीस?"

"आलो होतो. गाडी काढली, घाटाखालच्या पेट्रोलपंपापर्यंत आलो. तिथे बसलो अर्धा-पाऊण तास. म्हटलं, ती मस्त म्हणतेय, तर असेल मस्त. आणि परत गेलो. कालही आलो होतो."

बारकी 'निघतो' या शब्दाची वाट बघत होती. आता म्हणेल, आता म्हणेल.

"बारके," तो म्हणाला, "उठलीस कशी?"

पडलीस कशी, हे सहा वर्षांत तिला सगळ्यांनी विचारून झालं होतं. हे कुणीच विचारलं नव्हतं. तिनं फोन या कानाचा त्या कानाला केला.

"आधी मी पोटावर झाले," ती म्हणाली. "ऐकतोयस ना? कोपऱ्यात एक स्टूल होतं..."